औद्योगिक नॉझलचे तोंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील सुटे भाग धुण्याची यंत्रे आणि रंगकामाच्या लाइन, जालन्यातील पोलादाच्या बिलेट (चौकोनी छेदाच्या लांब कांबी) ओतणारे कारखाने, लातूर, धाराशिव व बीडकडील साखर कारखान्यांचे स्प्रे पॉण्ड (गरम पाणी फवारून थंड करण्याची तळी), अशा निरनिराळ्या ठिकाणी फिटर, सुपरवायझर आणि नव्याने रुजू झालेले अभियंते नॉझलविषयी जे प्रश्न विचारतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांचा रोख बहुतेक वेळा पंपावर किंवा पाइपवर असतो आणि उत्तर मात्र शेवटच्या काही मिलिमीटरांत, म्हणजे नॉझलच्या तोंडाशी, सापडते. म्हणून सुरुवातही तेथूनच केली आहे.

नॉझलचे तोंड म्हणजे नेमका कोणता भाग?

पान्याने पकडतो तो बाहेरचा षट्कोनी भाग म्हणजे नॉझलची बॉडी. तिच्या आत बहुधा एक लहान गाळणी असते आणि पुढच्या बाजूस टिप बसवलेली असते. टिपमध्ये प्रवाहाला आकार देणारी पोकळी, त्यापुढचा सर्वांत अरुंद मार्ग आणि सर्वांत शेवटी छिद्राची कड येते. द्रव धातूला सोडून हवेत शिरतो तो या कडेवरून. या कडेवर केसाएवढी चीर पडली किंवा क्षाराचा एक कण चिकटला, तरी मागे कितीही चांगला पंप असला तरी फवारा बिघडतो. या पानावर ‘तोंड’ हा शब्द पोकळी, अरुंद मार्ग आणि कड या तिन्हींना मिळून वापरला आहे.

दाबाखालचे पाणी तोंडाशी आल्यावर काय होते?

पाइपमध्ये पाणी तुलनेने संथ असते आणि त्याची ऊर्जा दाबाच्या रूपात असते. तोंडाशी मार्ग एकदम अरुंद झाल्यामुळे हा दाब खर्ची पडून त्याचा वेग होतो. हिशेब सोपा आहे: ३ बार दाबाचे (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब) पाणी घर्षण नसते तर सेकंदाला सुमारे २४.५ मीटर वेगाने बाहेर पडले असते, आणि १० बारला हाच वेग सेकंदाला सुमारे ४५ मीटर, म्हणजे ताशी १६० किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात तो याहून थोडा कमी भरतो.

प्रवाहाचे प्रमाण मात्र ‘वेग गुणिले छिद्राचे क्षेत्रफळ’ एवढ्यावर ठरत नाही. धारदार कडेच्या साध्या गोल छिद्रातून निघणारी धार बाहेर पडताच आणखी आक्रसते, कारण बाजूंनी आत वळणाऱ्या पाण्याला काटकोनात वळता येत नाही; त्यामुळे अशा छिद्रातून हिशेबाच्या ६० ते ६२ टक्केच पाणी जाते. तेच छिद्र आतून गोलाई देऊन गुळगुळीत केले, तर हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. छिद्राचा व्यास दोन्हीकडे सारखाच आहे, फरक फक्त आतल्या कडेच्या घडणीचा आहे. बाजारातून ‘तेवढ्याच भोकाचे’ नॉझल आणून बसवल्यावर पाणी कमी-जास्त का होते, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर येथे आहे.

थेंब तोंडाच्या आतच तयार होतात का?

फक्त द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या नॉझलमध्ये होत नाहीत. तोंडातून बाहेर पडतो तो सलग द्रवाचा पडदा किंवा सलग धार, आणि तिचे थेंब हवेत होतात.

पंख्यासारखा फवारा घेऊ. कडेवरून निघालेला पडदा पुढे जाताना रुंद होत जातो, वेग मात्र जवळजवळ तोच राहतो. म्हणून अंतर वाढेल तसा तो त्याच प्रमाणात पातळ होतो. पातळ पडद्यावर हवेच्या घर्षणाने लाटा उठतात, काही ठिकाणी त्याला भोके पडतात, आणि तो दोऱ्यांसारख्या तंतूंमध्ये फाटतो. हे तंतूही टिकत नाहीत. द्रवाचा पृष्ठताण त्यांना जागोजागी आवळतो आणि प्रत्येक तंतूचे मणी होऊन तुटतात. लॉर्ड रेले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात याचे गणित मांडले: धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचार पट लांबीची लाट सर्वांत वेगाने वाढते, आणि त्यातून निघणारा थेंब धारेच्या व्यासाच्या जवळपास दुप्पट असतो. घरातला नळ अगदी बारीक सोडून धार खाली कोठे तुटते हे पाहिले, तर हीच गोष्ट उपकरणाशिवाय दिसते.

यावरून कामाची एक गोष्ट निघते. फवाऱ्यात एखादी जाड रेघ दिसत असेल, तर पडदा त्या जागी जाड निघतो आहे आणि दोष कडेच्या नेमक्या त्या बिंदूवर आहे, असे समजावे. नॉझल फिरवून पाहावे. रेघही सोबत फिरली, तर पंपाची तक्रार करण्याचे कारण उरत नाही.

एका नॉझलचा फवारा पंख्यासारखा आणि दुसऱ्याचा शंकूसारखा का पडतो?

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या टिपांच्या आतली रचना अगदी वेगळी असते.

पंखा-फवाऱ्याच्या टिपमध्ये आतला मार्ग पुढे अर्धगोल घुमटासारखा बंद होतो आणि बाहेरून त्या घुमटावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच मारलेली असते. खाच आणि घुमट जेथे एकमेकांना छेदतात तेथे मांजराच्या डोळ्यासारखी लांबट फट उघडते. घुमटाच्या दोन्ही बाजूंनी येणारे प्रवाह या फटीपाशी एकमेकांवर आपटतात आणि फटीच्या लांबीच्या दिशेने चपटा पडदा होऊन पसरतात. खाच किती उघडी आणि किती खोल मारली आहे, यावर फवाऱ्याचा कोन ठरतो. अशा बहुतेक टिपांचा फवारा मध्यभागी दाट आणि कडांना विरळ असतो. हे मुद्दाम केलेले असते, कारण हेडरवर, म्हणजे अनेक टिपा बसवलेल्या मुख्य पाइपवर, शेजारी-शेजारी बसलेल्या टिपांच्या विरळ कडा एकमेकींवर पडल्या की सर्वत्र सारखे पाणी पडते. एकाच टिपने काम भागवायचे असेल, तर समान वाटपाची वेगळी टिप मागवावी लागते.

पोकळ शंकूच्या नॉझलमध्ये द्रव गोल कोठडीत स्पर्शरेषेने, म्हणजे भिंतीला घासून, सोडलेला असतो. तो गोल फिरत तोंडाकडे येतो, आणि त्रिज्या कमी होत जाते तसा फिरण्याचा वेग वाढत जातो. बेसिनमधले पाणी जाळीतून जाताना मध्ये जशी पोकळी धरते, तशी येथेही मध्यभागी हवेची नळी तयार होते. त्यामुळे छिद्र पूर्ण भरलेले नसते. द्रव फक्त भिंतीलगत पातळ नळकांड्यासारखा वाहतो आणि कड सुटताच शंकू होऊन उघडतो. छिद्राचा बराच भाग हवेने व्यापल्यामुळे तेवढ्याच पाण्यासाठी छिद्र मोठे ठेवता येते. साहजिकच ते सहजी चोक होत नाही, आणि गढूळ पाण्याला हा प्रकार आम्ही प्रथम सुचवतो.

भरीव शंकूमध्ये आत पाती बसवलेली असते. पाणी फिरवतानाच काही पाणी मधूनही सरळ जाईल अशी तिची रचना असते. ही पाती नीट न बसवता टिप आवळली, की मध्ये कोरडा डाग राहतो. दुरुस्तीनंतर पाती ट्रेमध्येच विसरल्याचे प्रकारही आम्ही पाहिले आहेत, एकदा नव्हे, अनेकदा.

चौथ्या प्रकारात गोल छिद्रातून निघालेली धार समोरच्या तिरप्या जिभेवर आपटून पसरते. येथे छिद्राइतकेच जिभेच्या पृष्ठभागालाही जपावे लागते.

दाब दुप्पट केला तर पाणी दुप्पट येईल का?

नाही. पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केल्यास पाणी सुमारे ४१ टक्के वाढेल, आणि पाणी दुप्पट हवे असेल तर दाब चौपट करावा लागेल. म्हणजेच २ बारला मिनिटाला १० लिटर देणारे नॉझल ८ बारला २० लिटर देईल. पाणीच वाढवायचे असेल तर मोठे नॉझल बसवणे स्वस्त पडते, कारण पंपाचे वीजबिल दर महिन्याला येते.

पाण्याऐवजी जड द्रव असेल, तर प्रवाह घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. सापेक्ष घनता १.२ असलेल्या द्रवाला उत्पादकाच्या तक्त्यातील आकड्याच्या ९१ टक्के धरावे.

फवाऱ्याचा कोन तक्त्यात दिल्याप्रमाणे का भरत नाही?

तक्त्यातला कोन एका ठरावीक दाबाला आणि स्वच्छ पाण्यासाठी मोजलेला असतो. दाब फार कमी असेल तर पडदा पुरता उघडत नाही, त्याच्या दोन्ही कडा पृष्ठताणाने आत ओढल्या जातात आणि फवारा ट्युलिपच्या फुलासारखा मिटतो. द्रव चिकट असेल तरी कोन आक्रसतो.

शिवाय अंतर वाढेल तसे थेंब खाली झुकतात. ६५ अंशांच्या टिपने ३०० मिलिमीटरवरून हिशेबाने सुमारे ३८० मिलिमीटर पट्टा भिजायला हवा, आणि एवढ्या अंतरावर तो जवळपास तेवढाच भिजतो. मीटरभर अंतरावर मात्र हिशेब आणि प्रत्यक्ष यांत चांगलाच फरक पडतो. हेडरची जागा ठरवताना कागदावरच्या रुंदीवर विसंबू नये. कोरड्या फरशीवर किंवा पुठ्ठ्यावर काही सेकंद फवारा मारून डाग मोजावा.

थेंब बारीक असावेत की जाड?

हे कामावर ठरते. ५०० मायक्रॉनचा (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर) एक थेंब १२५ मायक्रॉनच्या थेंबांत मोडला तर ६४ थेंब होतात आणि पाणी तेवढेच राहून पृष्ठभाग चौपट होतो. बाष्पीभवन, वायू थंड करणे किंवा वायूतील घटक शोषून घेणे, अशा पृष्ठभागावर अवलंबून असलेल्या कामांना त्यामुळे बारीक थेंब हवे असतात. धुण्याला मात्र थेंबाचा मार लागतो. बारीक थेंब हवेत लगेच वेग गमावतो, आणि सुट्या भागावरचे तेल तो हलवू शकत नाही. १०० मायक्रॉनच्या आतले थेंब तर वाऱ्यासोबतच जातात.

खडी क्रशरवर धूळ दाबणाऱ्यांचा अनुभव यापेक्षा वेगळा वाटतो, पण विसंगत नाही. उडणाऱ्या बारीक धुळीच्या मानाने थेंब फार मोठा असेल, तर धुळीचा कण हवेबरोबर त्याला वळसा घालून निसटतो. थेंब आणि कण आकाराने जवळचे असतील तर धूळ पकडली जाते. जमिनीवरची धूळ उडूच नये म्हणून ती भिजवायची असेल, तर जाड थेंबच बरे.

दाब वाढवल्याने थेंब बारीक होतात, पण अपेक्षेइतके नाही: दाब दुप्पट केला तर थेंबाचा सरासरी व्यास साधारण एक पंचमांशानेच घटतो. त्याहून बारीक थेंब हवे असतील तर लहान छिद्राचे किंवा हवेच्या जोडीने चालणारे नॉझल घ्यावे.

हवेच्या जोडीने चालणाऱ्या नॉझलचे तोंड कसे असते?

त्यात द्रवाची टोपी आणि हवेची टोपी असे दोन भाग असतात. अंतर्मिश्रणाच्या प्रकारात हवा आणि द्रव टोपीच्या आतच भेटतात. थेंब अतिशय बारीक होतात, पण दोन्ही दाब एकमेकांवर परिणाम करतात, आणि हवेचा दाब वरचढ झाला तर हवा उलटी द्रवाच्या लाइनमध्ये शिरते. बहिर्मिश्रणात द्रव मधल्या नळीतून बाहेर येतो आणि भोवतीच्या वर्तुळाकार फटीतून निघालेली वेगवान हवा त्याला बाहेरच फोडते. मागचा निरपेक्ष दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १.९ पट झाला की फटीतील हवा ध्वनीच्या वेगाला पोचते. चिकट किंवा लवकर वाळणाऱ्या द्रवांना, उदाहरणार्थ साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतील आटवलेला स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी) बॉयलरमध्ये फवारताना, बाहेर मिसळणारा प्रकार सोयीचा पडतो, कारण वाळलेला थर निदान आत साचत नाही.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. तोंडावर पांढरा थर वारंवार का बसतो?

मराठवाड्यातला हा सर्वांत नेहमीचा प्रश्न आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

आपल्याकडचा बहुतेक भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. त्याच्या भेगांतून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येते, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी बोअर जितकी खोल जाते तितके पाणी बऱ्याचदा जड लागते. यातील कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळलेले असते. पाणी तापले किंवा त्यातून कार्बन डायऑक्साइड निसटला, की त्याचे न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट होते. नॉझलच्या तोंडाशी या दोन्ही गोष्टी होतात. दाब एकदम उतरल्याने वायू निसटायला वाव मिळतो, आणि बिलेटच्या किंवा ओव्हनच्या शेजारी असलेली टिप तापलेली असते.

मात्र आमच्या पाहण्यात सर्वाधिक थर पाणी चालू असताना बसत नाही. तो शिफ्ट संपल्यावर बसतो. कडेला लोंबकळत राहिलेला शेवटचा थेंब रात्रभरात वाळतो आणि त्यातले सगळे क्षार कडेवरच सोडून जातो. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना त्याला रात्रभरही लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्या खडबडीत कडेला पुढचा थेंब अधिक सहज चिकटतो, आणि थर वाढत राहतो. शिफ्ट संपताना दोन मिनिटे मऊ केलेले किंवा आरओचे पाणी सोडून हेडर धुतला, तर हा त्रास निम्म्याहून कमी होतो, असा आमचा अनुभव आहे.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य मानला आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. ‘पाणी पिण्याजोगे आहे, मग नॉझलला काय झाले?’ असे विचारणाऱ्यांनी हा आकडा घनमीटरात मांडून पाहावा. एवढा जडपणा असलेल्या दर १००० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोलाचे क्षार असतात. त्यातले चिमूटभर जरी कडेवर बसले तरी एक टिप निकामी होते.

थर कसा काढावा?

टिप काढून सायट्रिक किंवा सल्फॅमिक आम्लाच्या सौम्य द्रावणात भिजत ठेवावी, नंतर मऊ प्लॅस्टिकच्या ब्रशने घासून उलट्या दिशेने पाणी व हवा मारावी. स्टेनलेस स्टीलसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये; त्यातील क्लोराइडमुळे धातूला खड्डे पडतात.

तार, सुई, ड्रिलबिट आणि हॅकसॉचे तुटके पाते यांपैकी काहीही छिद्रात घालू नये. घाईत असलेला माणूस हे करतोच, कारण तेवढ्यापुरते पाणी सुरू होते. पण पितळी टिपेच्या कडेवर पडलेला ओरखडा पुन्हा भरून येत नाही आणि त्या दिवसापासून फवाऱ्यात रेघ पडते. तोंडाने फुंकून साफ करणे तर पूर्णपणे टाळावे, विशेषतः फॉस्फेटिंगच्या (रंगापूर्वी धातूवर फॉस्फेटचा थर देण्याच्या) किंवा औषधांच्या लाइनवर.

टिप झिजली हे डोळ्यांनी कळते का?

बहुतेक वेळा कळत नाही. झीज कडेवर आणि अरुंद मार्गात सुरू होते, आणि फवारा वरवर ठीक दिसत असतानाच पाणी वाढलेले असते. छिद्राचा व्यास १० टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. १ मिलिमीटरचे छिद्र १.१ मिलिमीटर झालेले कोणाच्या नजरेला दिसणार?

म्हणून मोजावे. टिपला पाइपचा तुकडा लावून पाणी बादलीत घ्यावे, घड्याळ लावून एक मिनिट धरावे, आणि तेवढ्याच दाबाला नवी टिप किती पाणी देते त्याच्याशी ताडून पाहावे. प्रेशर गेज पंपापाशी नको, हेडरवर नॉझलच्या जवळ असावा. फरक १० टक्क्यांच्या पुढे गेला तर टिप बदलावी. जेथे अचूकतेची तेवढी गरज नाही तेथे १५ टक्क्यांपर्यंत थांबायला हरकत नाही.

१० टक्के किरकोळ वाटतात. मिनिटाला १० लिटरच्या २० टिपा दोन शिफ्ट, म्हणजे १६ तास, चालल्या तर १० टक्क्यांचे दिवसाला १९,२०० लिटर होतात. दहा हजार लिटरचे जवळपास दोन टँकर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. त्या भागातल्या कारखान्यात हा हिशेब कोणाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाणी पुन्हा फिरवून वापरले जात असेल तरी रसायन, उष्णता आणि पंपाची वीज जास्तीची लागतेच.

कोणत्या धातूची टिप घ्यावी?

पितळ स्वस्त आहे, पण लवकर झिजते. प्लॅस्टिक रसायनांना चांगले टिकते. उष्णतेला आणि फिटरच्या पान्याला नाही. स्टेनलेस स्टील पितळेपेक्षा बरेच टिकते. गाळ, चुन्याची निवळी किंवा रंगद्रव्य यांसारखे घासणारे कण असतील तर सिरॅमिक किंवा टंगस्टन कार्बाइड घ्यावे. ही दोन्ही ठिसूळ असतात आणि फरशीवर पडली तर कड उडते. किंमत टिपेची न पाहता टिपेने दिलेल्या तासांची पाहावी.

रंगकामाच्या एअरलेस (हवेशिवाय, फक्त दाबाने रंग फवारणाऱ्या) गनच्या टिपा याच कारणाने टंगस्टन कार्बाइडच्या असतात. त्यांच्यावरचा आकडा वाचता येतो: ५१७ मधील ५ ची दुप्पट, म्हणजे १२ इंच अंतरावरून १० इंच रुंद पट्टा, आणि १७ म्हणजे ०.०१७ इंचाचे, सुमारे ०.४३ मिलिमीटरचे छिद्र.

गाळणी किती बारीक असावी?

गाळणीचे भोक टिपेतील सर्वांत अरुंद मार्गाच्या निम्म्याहून मोठे नसावे. एक तृतीयांश असेल तर उत्तम. ५० मेशची (इंचाला ५० भोके असलेली) जाळी सुमारे ०.३ मिलिमीटरची आणि १०० मेशची ०.१५ मिलिमीटरची असते. जाळी वारंवार भरते म्हणून ती काढून टाकणे हा उपाय अनेक ठिकाणी केलेला दिसतो. त्यानंतर जाळीचे काम टिप करते.

बिलेटच्या कास्टिंग मशीनवर एक-दोन नॉझल बंद असले तर बिघडते का?

बिघडते, आणि ते पुढे रोलिंगमध्ये दिसते. तांब्याच्या मोल्डमधून बाहेर आलेल्या बिलेटचे बाहेरचे कवच घट्ट झालेले असले तरी गाभा अजून वितळलेला असतो, आणि चारही बाजूंनी पडणारे फवारे ते कवच सारख्या गतीने जाड करतात. एका बाजूचे पाणी कमी पडले, तर त्या बाजूचे कवच मागे राहते, आकुंचन असमान होते, आणि चौकोनाचा समभुज चौकोनासारखा तिरपा आकार किंवा कोपऱ्यालगत तडे असे दोष निघतात.

येथे थेंबाचा जोरही महत्त्वाचा असतो. एवढ्या तापलेल्या पृष्ठभागावर पडलेले पाणी त्याला प्रत्यक्ष चिकटत नाही; मध्ये वाफेचा थर येतो आणि थेंब तापल्या तव्यावर नाचावा तसा नाचतो. हा थर भेदण्याइतका वेग थेंबात नसेल, तर पाणी खर्च होते आणि उष्णता जिथल्या तिथे राहते. म्हणून झिजलेली टिप अधिक पाणी देऊनही कमी थंड करते, कारण सगळ्या टिपा झिजल्यावर हेडरचा दाब उतरलेला असतो.

साखर कारखान्याच्या स्प्रे पॉण्डला एवढी मोठी छिद्रे का असतात?

तेथे कमी दाबात प्रचंड पाणी हवेत उडवायचे असते, आणि पाण्यात शेवाळ, गाळ, साखरेचा अंश असे सर्व काही असते. छिद्र बारीक ठेवले तर ते रोज चोक होईल, आणि बारीक थेंब वाऱ्याने तळ्याबाहेर जातील. थेंब पुरेसा मोडला पाहिजे, पण तळ्यातच परत पडला पाहिजे, अशी ही तडजोड आहे. कंडेन्सरकडून आलेले पाणी १० अंशांनी थंड करण्यासाठी बाष्पीभवनाने साधारण १.७ टक्के पाणी जाते. गेलेले पाणी शुद्ध असते; क्षार तळ्यातच राहतात आणि हंगाम पुढे सरकतो तसे दाट होतात. मार्चमध्ये नॉझलवर दिसणारा थर नोव्हेंबरमध्ये का नसतो, याचे हे कारण आहे. तळ्यातले काही पाणी नियमित सोडून ताजे भरावेच लागते. शिवाय फवारा कितीही चांगला असला तरी पाणी हवेच्या ओल्या-बल्बच्या (ओले कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणाऱ्या) तापमानाखाली जाणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

शेतातल्या फवारणी पंपाचे नॉझल कारखान्यात चालेल का?

तत्त्व तेच आहे, आणि हलक्या कामाला चालतेही. आयएसओ १०६२५ प्रमाणे शेतीच्या पंखा-टिपांचे रंग ठरलेले आहेत: ३ बारला पिवळी ०२ मिनिटाला सुमारे ०.८ लिटर, निळी ०३ सुमारे १.२ लिटर आणि लाल ०४ सुमारे १.६ लिटर देते. सोयाबीन किंवा कापसावर फवारणारा शेतकरी रंग पाहून टिप मागतो. कारखान्यातही एवढी सोय असती तर स्टोअरमधल्या निम्म्या चुका टळल्या असत्या.

पंप बंद केल्यावर तोंडातून टपकत राहते. दोष कोणाचा?

बहुधा कोणाचाच नाही. हेडरमध्ये उरलेले पाणी उताराने सर्वांत खालच्या टिपेतून निघते. सुमारे अर्ध्या बारच्या दाबाला उघडणारा, पडद्याचा चेक व्हॉल्व्ह प्रत्येक टिपेमागे बसवला की ते थांबते, आणि वर सांगितलेला वाळणारा शेवटचा थेंबही कमी होतो.

तोंडापाशी बोट नेऊन फवारा तपासणे धोक्याचे आहे का?

होय, आणि याबाबत आम्ही कोणतीही सवलत देत नाही. एअरलेस गनचा दाब २०० बारच्या आसपास असतो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि रंग किंवा तेल बोटाच्या स्नायूंच्या आवरणांतून पसरत जाते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस पट्टी लावून कामाला लागतो. अशी दुखापत शस्त्रक्रियेची तातडी समजून रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे आणि कोणता द्रव आत गेला हे डॉक्टरांना सांगावे. टिप काढण्यापूर्वी पंप बंद करून, वीजपुरवठ्याला कुलूप लावून, लाइनमधला दाब उतरवावा.

नवे नॉझल बसवताना काय क्रम ठेवावा?

आधी टिपा न लावता हेडर जोरात धुऊन घ्यावा. वेल्डिंगची खपली, गंज आणि आट्यांवरच्या टेफ्लॉन टेपचे तुकडे पहिल्या पाच मिनिटांतच निघतात. टेप आट्यांच्या टोकापुढे येऊ देऊ नये. मग गाळण्या व टिपा बसवाव्यात, आणि पंखा-टिपा हेडरच्या रेषेपासून ५ ते १५ अंश तिरक्या ठेवाव्यात, म्हणजे शेजारचे पडदे हवेत एकमेकांवर आदळत नाहीत. एका हेडरवरच्या सर्व टिपा एकदम बदलाव्यात. जुन्या-नव्या मिसळल्या तर दाब एकच असूनही पाणी असमान पडते. शेवटी त्याच दिवशी, त्याच दाबाला, तीन-चार टिपांचे पाणी बादलीत मोजून आकडा, दाब आणि तारीख लॉगबुकमध्ये लिहावी, कारण सहा महिन्यांनी झीज मोजताना ताडून पाहायला हाच आकडा लागतो.